पुढची रांग

गिऱ्हाईक यायचं असलं की आमचे हे उजाडायच्या आत विटांच्या थप्पीपुढे जाऊन उभे. कोपरा उडालेली वीट आत सार, वेडीवाकडी आत सार, कच्ची राहिलेली तर पार तळाला. पुढच्या रांगेत सगळ्या लालबुंद, खणखणीत, एका मापाच्या. गिऱ्हाईक पुढचीच एक वीट उचलतं, दुसरीवर हाणून आवाज ऐकतं आणि मान हलवतं. यात फसवाफसवी म्हणावी असं काही नाही. सगळ्याच भट्ट्यांवर असं चालतं आणि गिऱ्हाईकालाही ते ठाऊक असतं. पण ह्यांचा हात त्यात असा बसला होता की घरातसुद्धा चप्पल वाकडी दिसली की भरल्या ताटावरून उठून सरळ करणार. "अहो, चपलेला काय कुठं मिरवायला जायचंय?" मी म्हणायची. भट्टीचे मुकादम ते, पण गावात त्यांना मुकादम कुणी म्हणत नसे. टापटीप म्हणत. आणि अशा माणसाला गावानं आरोग्य समितीचं प्रमुख करून ठेवलं होतं.

त्या वर्षी ऊन असं पडलं की साच्यातून काढलेली ओली वीट दुपारपर्यंत तडकायची. विहीर तळाला गेली. बादली टेकल्याचा आवाज यायचा आणि वर येताना पाण्याबरोबर गाळ यायचा. तेच पाणी विटांच्या गाऱ्यात आणि तेच माणसांच्या पोटात. मग हगवण सुरू झाली. आधी भट्टीवरची पोरं, मग म्हातारी माणसं, मग चांगले धडधाकट गडी. काल डोक्यावर विटांची चळत घेऊन पळणारा माणूस आज भिंत धरून चालायचा.

नर्सबाई होती म्हणून निभावत होतं. रस्त्याकडेला दोन खोल्यांचं केंद्र होतं, पण ती तिथं बसलेली क्वचितच दिसायची. सायकलला पिशवी अडकवून घरोघर फिरायची. ज्याच्या पायात उभं राहायचं बळ नाही त्याला उन्हातून चालवत आणायचं नाही, असा तिचा नेम. खुंटीला सलाईन टांगायची आणि घरच्या बाईला दटावायची, "मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजायचं. घाई केलीस तर ओकून टाकेल, मग माझ्याशी गाठ आहे." जीभ तिखट, हात मऊ. म्हणून तर तिचं आणि माझं जमायचं.

आमच्या घरात तर सगळी भिस्त तिच्यावरच होती. सून पोटुशी होती. तिचं पहिलं बाळ पायाळू होतं. तेव्हा गावात नर्स नव्हती. पाय बाहेर आले आणि डोकं अडकून बसलं. मीच धरलं होतं त्याला. ते वजन अजून हाताला आठवतं. आणि आता पुन्हा तेच. नर्सबाईनं सुनेच्या पोटावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "डोकं अजून वरच आहे. फिरेलही. पण नाही फिरलं तर कळ आली की सरळ मला हाक मारायची. वेळेवर माझा हात लागला तर घाबरण्यासारखं काही नाही. वाट बघत बसलात तर मात्र मी जबाबदार नाही."

"बापावर गेलंय," सून हसत म्हणाली. "त्यांचंही सगळं उलटंच असतं."

मुलगा दारात ट्रॉलीची साखळी पुसत होता. तो गालातल्या गालात हसला. तिला मी घमेल्याला हात लावू देत नव्हते, पण माझी पाठ वळली की पोरगी गारा तुडवायला उतरायची. बसून राहिलं की भीती वाटते म्हणायची.

एका संध्याकाळी हे घरी आले तेच हवेत तरंगत. हातपाय धुवायचीही शुद्ध नाही.

"मंडळ येतंय," म्हणाले.

"कसलं मंडळ?"

"आरोग्य मंडळ गं. आपल्या भागातली सगळी केंद्रं त्यांच्या हाताखाली. नर्स कुठं ठेवायची, औषधं कुठं पाठवायची, पैसा कुणाला द्यायचा, सगळं तिथं ठरतं. यंदा त्यांनाच पैसा कमी मिळालाय. म्हणून अध्यक्षबाई स्वतः एकेक केंद्र बघणार आणि मग ठरवणार."

"काय ठरवणार?" मुलानं विचारलं.

"कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं नाही."

सुनेनं माझ्याकडे बघितलं.

"अशी तोंडं काय करताय?" हे म्हणाले. "असं दाखवतो त्यांना, की बघत राहतील."

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी गावाला नुसतं पळवलं. केंद्राला चुना लावला. फरशी घासून घेतली. पलंगासाठी समितीच्या खर्चानं कोरी पांढरी चादर आणली आणि तिच्यावर कुणाला बोटही ठेवू देईनात. दाराबाहेरचा औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पुरून टाकला. तिथवर ठीक होतं. पण आदल्या संध्याकाळी ते घरोघर फिरले आणि आजारी माणसांना ट्रॉलीत घालून भट्टीमागच्या शेडमध्ये न्यायला लागले. तिथं कच्च्या विटा वाळवतात. रस्त्यावरून ती शेड दिसत नाही.

मी कपाळावर हात मारला. "अहो, माणसं आहेत ती. तडकलेल्या विटा आहेत का आत सारायला?"

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर तू पसारा झाकत नाहीस? दारोदार ओकाऱ्या आणि घाणेरडी धडुती बघितली तर काय म्हणतील? म्हणतील, एवढी नर्स दिली, औषधं दिली, तरी यांचं गाव सडलेलंच. कोण देईल मग पैसा?"

खरं सांगते, कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आजारी माणसंसुद्धा मुकाट ट्रॉलीत चढली. भट्टीवरचा म्हातारा पहारेकरी तर म्हणाला, "मागच्या बाजूनं न्या मला, चड्डी खराब आहे." गावाची लाज राखायची तर एवढं करायचंच, असं सगळ्यांच्या मनात होतं.

नर्सबाई मात्र भडकली. "मला न विचारता माझे पेशंट हलवले? पत्र्याच्या शेडमध्ये? उद्या दुपारी भाजून निघतील ही माणसं."

"बाई, तुमचंच नाव निघणार आहे," हे हात जोडून म्हणाले. "तुम्ही त्यांच्यापाशी थांबा. मंडळी आली की निरोप पाठवतो, मग या."

"मला भेटायचंय अध्यक्षबाईंना. बोलायचंय."

"बोला की. कोण नको म्हणतंय?"

मंडळाची गाडी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी केंद्रात चहाचे कप घेऊन उभी होते. निरोप गेला, पण तिकडून उलट निरोप आला की पहारेकऱ्याची शुद्ध हरपलीय, बाई हलू शकत नाहीत. ह्यांना ते बरंच वाटलं. सगळं आपल्यालाच दाखवायला मिळालं.

अध्यक्षबाई वयानं माझ्याएवढ्याच, साध्या, चष्म्याच्या. उगीच मान ताठ ठेवणारी बाई नव्हती ती. खोलीत आल्या, पलंगाच्या चादरीवरून हात फिरवला, कपाट उघडून बघितलं.

"पेशंट कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"पेशंट?" हे असे हसले जसं काही कुणी त्यांना कोपरा उडालेली वीट मागितली. "आमच्या गावात आजारी कुणी नाही बाई. एकदम ठणठणीत."

"कुणीच नाही? आजूबाजूला सगळीकडे हगवण आहे."

"आमच्याकडे स्वच्छता फार. माणसं काळजी घेतात."

"आणि नर्स?"

"त्या फिरतीवर असतात. इथं बसायचं काम पडत नाही."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या घरी कसं आहे?"

मी तोंड उघडलं, तोवर ह्यांनीच उत्तर दिलं. "आमच्या घरी आनंदीआनंद आहे बाई. नातवंड येणार आहे."

"वा," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हाताला हात लावून अभिनंदन केलं. चहा प्यायल्या, आभार मानले आणि गेल्या. गाडीची धूळ बसायच्या आत हे मला म्हणाले, "बघितलंस? नाव ठेवायला एक जागा मिळाली नाही त्यांना." मी शेडकडे निघाले. पहारेकरी त्याच संध्याकाळी गेला. तो शेडमध्ये नेल्यामुळे गेला की घरीही गेला असता, हे देव जाणे. नर्सबाईनं त्याचे डोळे मिटले आणि शेजारच्या पेशंटकडे वळली.

मंडळाची बैठक शहरात, सगळ्यांसाठी खुली. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मलाही ओढून नेलं, म्हणाले कौतुक होईल तेव्हा बरोबर बायको हवी. लांबलचक खोली, वर घरघरणारे पंखे, समोरच्या टेबलाला मंडळाची माणसं आणि मागे खुर्च्यांवर आमच्यासारखी गावोगावची. आमच्या गावाचं नाव निघालं आणि अध्यक्षबाई उठल्या.

"या गावानं मला थक्क केलं," त्या म्हणाल्या. "सगळीकडे साथ असताना तिथं एकही पेशंट नाही. पलंगावरची चादरसुद्धा चुरगळलेली नव्हती. लोकांनी स्वतःची काळजी स्वतः घेतली तर काय होतं, हे या गावाकडून शिकावं."

टाळ्या झाल्या. हे उभे राहिले, चारी बाजूंना हात जोडले. चेहरा असा फुललेला की लग्नातही मी तसा बघितला नव्हता.

"उलट टेकडीपलीकडच्या गावात माणसं व्हरांड्यात जमिनीवर पडलेली आहेत," त्या पुढे म्हणाल्या. "त्यांना नर्स नाही. या दोन गावांत मिळून आपल्याकडे पैसा एकाच केंद्रापुरता आहे. जिथं गरज तिथं तो गेला पाहिजे. म्हणून या गावची नर्स, औषधं आणि वर्षाचा पैसा टेकडीपलीकडच्या केंद्राला द्यावा असं मी सुचवते."

ह्यांचे हात अजून जोडलेलेच होते. मला आधी कळलंच नाही. कळलं तोवर त्यांनी मंडळाचं मत मागितलंही होतं. टेबलामागचे हात एकेक करत वर जायला लागले.

"बाई," हे कसंबसं म्हणाले. "बाई, थांबा. आमच्याकडे आजारी आहेत. पुष्कळ आहेत."

"कुठं आहेत?"

"भट्टीमागच्या शेडमध्ये. तुम्ही येणार म्हणून मीच नेऊन ठेवले होते. घरोघरी आहेत आता."

खोलीत हशा पिकला. टेबलामागचा एक जाडा माणूस खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "पैसा जाणार म्हटलं की गावंच्या गावं आजारी पडतात हो. सकाळपासून हेच ऐकतोय."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी ह्यांच्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही माझ्यासमोर उभं राहून सांगितलंत, कुणी आजारी नाही म्हणून."

"खोटं बोललो."

"तेव्हा, की आता?"

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग मीच उठले. "बाई, माझ्या सुनेचं बाळ पायाळू आहे. पहिलं असंच गेलं. नर्स नेऊ नका."

"मग तिला टेकडीपलीकडच्या केंद्रात न्या," त्या समजुतीनं म्हणाल्या. "रस्ता आहे. नर्स तुमच्या ओळखीचीच आहे. पुढच्या आढाव्याला आम्ही पुन्हा बघू." आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं गेलं. आम्ही उभेच होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा की आता, दिसत नाही."

परत येताना हे खटारा एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. मी खूप बोलले. बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही.

नर्सबाई गेली त्या सकाळी सायकल आमच्या दारात थांबवली. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "मुकादम, पेशंट जिथं होते तिथं अध्यक्षबाईंना न्यायचं होतंत. त्या घाणीसकट. मी तेच सांगायला येणार होते." मग माझ्याकडे वळली. "दिवस भरत आले की हिला माझ्याकडे आणून ठेवा. झोपायला जागा मी करते. आणि कळ आली तर क्षणभर थांबू नका." सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायडल मारलं. केंद्राला कुलूप लागलं. ती कोरी चादर ह्यांनी घडी करून घरी आणली आणि फळीवर ठेवली.

त्यानंतर ह्यांनी घरातली वाकडी चप्पलही सरळ करायचं सोडलं. थप्पी लावताना हात चालायचा, पण डोळे दुसरीकडे. एकदा गिऱ्हाईकानं पुढच्या रांगेतली वीट उचलली ती हातात दुभंगली. भट्टीच्या मालकानं ह्यांना चारचौघांत आईवरून शिवी दिली. हे खाली मान घालून तुकडे गोळा करत राहिले. मला त्यांचा राग होता, पण त्या वेळी मीही खाली बसून तुकडे उचलायला लागले.

आठवड्याभरात सुनेला नर्सबाईकडे पोचवायचं असं ठरलं होतं. पण पोटातल्या जिवाला आमचं ठरलेलं कुठून कळणार? भर दुपारी ती विहिरीवरून परतताना दारातच खाली बसली. अंगावरून पाणी गेलं होतं.

"आई, ही कळच आहे," ती म्हणाली. तोंड पांढरं पडलेलं.

ट्रॅक्टर दारातच होता, पण ट्रॉली विटांनी भरलेली. संध्याकाळी गिऱ्हाईकाकडे पोचवायचा माल, ह्यांनी स्वतः रचलेला. मुलगा गोंधळून बघत उभा राहिला. हे ट्रॉलीवर चढले आणि दोन्ही हातांनी विटा खाली फेकायला लागले. बघत नव्हते कुठं पडतात. लालबुंद, एका मापाच्या विटा दगडावर आपटून फुटत होत्या. बोटांतून रक्त यायला लागलं तरी थांबले नाहीत. मुलानं दुसरी बाजू धरली. मी घरात धावले आणि हाताला लागलं ते घेतलं, पाण्याचा तांब्या, उशी आणि फळीवरची ती पांढरी चादर.

टेकडीचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला पोरगी माझं मनगट धरून किंचाळायची. ट्रॉलीचा पत्रा तापून विस्तव झालेला. हे उभे राहून चादर दोन्ही हातांनी तिच्यावर धरून होते, सावलीसाठी. "हळू चालव रे," मी ओरडायची, आणि लगेच, "अरे, लवकर चालव." चढ संपला आणि उताराला बाळाचे पाय बाहेर आले. इवलेसे, जांभळे. मला मागचं सगळं आठवलं. मी ओढलं नाही, नर्सबाईनं बजावलं होतं. नुसतं खालून धरून ठेवलं. ते पाय एकदा हलले. माझ्या हातात हलले, मी शपथेवर सांगते. मग हलायचे थांबले.

केंद्रापुढे मंडळाची गाडी उभी होती. दाराला नवा रंग, पायऱ्या धुतलेल्या. कडक कपड्यातला एक माणूस हात हलवत आडवा आला. "मागच्या बाजूनं न्या, मागच्या बाजूनं! पाहुणे आलेत!"

ह्यांनी सुनेला हातांवर उचललं होतं. त्या माणसाकडे त्यांनी असं बघितलं की तो आपोआप बाजूला झाला. हे समोरच्या पायऱ्या चढून गेले आणि व्हरांड्यात, अगदी मधोमध, तिला ठेवलं. नर्सबाई आतून धावत आली. एका नजरेत तिला कळलं. गुडघ्यावर बसली, हात आत घातला आणि बाळ एका दमात सोडवलं. किती सोपं असतं ते, तो हात असला की. मुलगी होती. नर्सबाईनं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. पुन्हा फुंकलं. व्हरांड्यातली आजारी माणसं कोपरावर रेलून बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती थांबली आणि बाळाला माझ्याकडे दिलं.

"रडत का नाही?" सून विचारत होती. "आई, रडत का नाही ती?"

मुलगा तिच्याजवळ बसला आणि लेकीच्या वाटचं रडणं त्यानंच रडून घेतलं. मी बाळाला सुनेबरोबर उचलून आणलेल्या त्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. चादरीवर घडीच्या रेघा अजून होत्या.

अध्यक्षबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. हातात पाण्याचा ग्लास होता. त्यांनी तो सुनेच्या तोंडाला लावला. डोळे भरून आलेले. मग ह्यांच्याकडे वळून, खरंच कळवळून म्हणाल्या, "अहो, एवढ्या उन्हात, एवढ्या लांबून आणलंत? तुमच्या गावात केंद्र नाही का?"

त्यांनी ओळखलं नव्हतं. शर्ट मातीचा, बोटं फुटलेली, कसं ओळखणार? ह्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं आणि वर बघितलं.

"होतं ना, बाई," ते म्हणाले. "तुम्ही आला होतात. मीच दाखवलं तुम्हाला."

बाईंनी चष्मा काढून ह्यांच्याकडे नीट बघितलं. पण हे आता त्यांच्याकडे बघत नव्हते. चादरीचं एक टोक वाकडं झालं होतं. ते त्यांनी सरळ केलं, हातानं दाबून बसवलं, आणि पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले.